आयपीएलचं ऑक्शन जेद्दाला भरवणारा देश तेल सोडायचं म्हणतोय, पण त्याचा सगळा खर्च मात्र तेलच भागवतंय

२४ आणि २५ नोव्हेंबर २०२४. आयपीएलचं मेगा ऑक्शन. लखनौनं रिषभ पंतसाठी २७ कोटी मोजले आणि सोशल मीडियावर दोन दिवस दुसरा विषयच नव्हता. कोणाला किती मिळाले, कोण अनसोल्ड राहिला, धोनीसोबत आता कोण खेळणार, यातच सगळे गुंतले होते.

या गडबडीत एक गोष्ट बाजूलाच राहिली. हे ऑक्शन मुंबईत नव्हतं, बंगळुरूत नव्हतं. ते होतं सौदी अरेबियातल्या जेद्दामध्ये. म्हणजे अशा देशात, जिथे क्रिकेट खेळणारे बहुतेक जण भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातून पोटासाठी गेलेले कामगार आहेत.

अजून थोडं मागे जा. २०२२ च्या आयपीएलमध्ये ऑरेंज कॅप आणि पर्पल कॅपच्या प्रायोजकाचं नाव होतं अरामको. त्याच वर्षाच्या शेवटी क्रिस्टियानो रोनाल्डो रियाधच्या अल नस्र क्लबमध्ये गेला. आणि तुमच्या मोबाईलमध्ये जिओचं सिम असेल, तर जून २०२० मध्ये जिओ प्लॅटफॉर्म्समधला २.३२ टक्के हिस्सा सौदीच्या सरकारी फंडानं ११,३६७ कोटी रुपयांना विकत घेतला होता. म्हणजे तुमच्या रिचार्जमध्येही सौदीचा थोडासा वाटा आहे.

क्रिकेट, फुटबॉल, मोबाईल. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या या गोष्टींमागे एकच योजना आहे. तेलावर जगणाऱ्या देशाला तेलाशिवाय जगायला शिकवायचं, ही ती योजना. आणि त्यासाठी लागणारा पैसा येतो कुठून, तर तेल काढणाऱ्या सरकारी कंपनीतून.

हे जमेल का, हा प्रश्न एकट्या सौदीचा नाही. तिथे लाखो भारतीय कामाला आहेत, त्यात आपल्या रत्नागिरी, रायगडची कित्येक घरं आली. तेलाचा भाव पडला की काय होतं, ते या घरांनी २०१६ मध्ये बघितलंय. पण ती गोष्ट पुढे येईल. आधी ही कंपनी काय चीज आहे ते बघू.

१९३३ साली सौदी अरेबिया हे जेमतेम वर्षभराचं राज्य होतं. राजा अब्दुल अझीझनं लढाया करून देश एक केला होता, पण तिजोरीत खडखडाट होता. उत्पन्न म्हणजे मुख्यतः हजला येणाऱ्या यात्रेकरूंकडून मिळणारा पैसा, आणि जागतिक मंदीमुळे यात्रेकरूंची संख्याही घसरली होती. अशा वेळी अमेरिकेतल्या स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया या कंपनीनं तेल शोधायची परवानगी मागितली. राजाच्या अर्थमंत्र्यानं कागदी नोटा नको म्हणून सांगितलं, सोनं हवं. ३५ हजार सोन्याची नाणी जहाजातून जेद्दाला आली, ती मोजून घेतली आणि करार पक्का झाला.

नंतर पाच वर्षं हाती काहीच लागलं नाही. दम्माम भागात एकामागून एक विहिरी खोदल्या, कुठे थोडं तेल, कुठे नुसतं पाणी. मार्च १९३८ मध्ये सातव्या विहिरीनं नशीब उघडलं. वाळवंटात वाट दाखवायला भूगर्भतज्ज्ञ मॅक्स स्टाइनेकी यांच्यासोबत खमीस बिन रिमथान नावाचा बदाउनी वाटाड्या होता. त्याला हे वाळवंट असं पाठ होतं की पुढे एका तेलक्षेत्राला त्याचं नाव दिलं गेलं.

त्यानंतर १९४८ मध्ये घवार सापडलं. जगातलं सगळ्यात मोठं पारंपरिक तेलक्षेत्र. लांबी साधारण २८० किलोमीटर. पुण्याहून हायवेनं निघालात आणि कोल्हापूर ओलांडून निपाणीला पोचलात, तरी जमिनीखाली तेच क्षेत्र, इतकं लांब. आजही तिथे जमिनीतून एक बॅरल तेल वर काढायचा खर्च साधारण तीन डॉलर आहे. हे तेल बाजारात साठ, सत्तर, कधी शंभर डॉलरला विकलं जातं. पुढचा सगळा मॅटर याच फरकाचा आहे.

कंपनीचं नाव १९४४ मध्ये अरेबियन अमेरिकन ऑइल कंपनी, म्हणजे अरामको झालं. मालक अमेरिकन, तेल सौदीचं. धहरानमध्ये अमेरिकन लोकांसाठी हिरवळीचे बंगले उभे राहिले आणि स्थानिक कामगार झोपड्यांत राहिले. १९५३ मध्ये या कामगारांनी मोठा संप केला होता. इतकं सगळं असूनही सौदीनं कंपनी हिसकावून घेतली नाही, आणि इथेच त्याची गोष्ट बाकीच्या देशांपेक्षा वेगळी होते.

शेजारी इराणनं १९५१ मध्ये तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं. ब्रिटननं इराणच्या तेलावर बहिष्कार टाकला आणि १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या गुप्तहेर संस्थांनी मिळून पंतप्रधान मोसद्देक यांचं सरकार उलथवलं. सौदीनं ते बघितलं होतं. सौदीचे तेलमंत्री अहमद झाकी यमानी यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांचं म्हणणं साधं होतं, कंपनी हिसकायची नाही, हप्त्याहप्त्यानं विकत घ्यायची. १९७३ मध्ये २५ टक्के, १९७४ मध्ये ६० टक्के आणि १९८० मध्ये पूर्ण १०० टक्के. पैसे मोजून. १९८८ मध्ये शाही हुकूम निघाला आणि सौदी अरामको अधिकृतपणे सरकारी कंपनी झाली.

याचा फायदा काय झाला, तर अमेरिकन इंजिनिअर एका रात्रीत निघून गेले नाहीत. त्यांनी सौदी पोरं तयार केली. अली अल नईमी हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. बदाउनी कुटुंबातला हा मुलगा १९४७ मध्ये बाराव्या वर्षी अरामकोत ऑफिस बॉय म्हणून लागला. कंपनीनं शिकायला अमेरिकेला पाठवलं. १९८४ मध्ये तो अरामकोचा पहिला सौदी अध्यक्ष झाला आणि १९९५ पासून २०१६ पर्यंत देशाचा तेलमंत्री. राजघराण्यातला नसताना.

तर सौदीकडे एक कार्यक्षम सरकारी तेल कंपनी होती. आता ही चांगलीच गोष्ट वाटेल. पण इथूनच एक नवीन दुखणं सुरू होतं.

प्रत्येक गावात एक असा माणूस असतो की ज्याला काम सांगितलं की होतं. मग ग्रामपंचायतीचा अर्ज असो, लग्नाचा मांडव असो की कोणाला दवाखान्यात न्यायचं असो, सगळे त्यालाच हाक मारतात. बाकीचे मग काही करायला शिकतच नाहीत. सौदीत अरामकोचं तसं झालं. २००९ मध्ये जेद्दात पूर येऊन शंभरहून जास्त माणसं दगावली, त्यानंतर शहरातल्या पाण्याच्या निचऱ्याचं काम अरामकोकडे आलं. राजाला आंतरराष्ट्रीय दर्जाचं विज्ञान विद्यापीठ हवं होतं, लाल समुद्राच्या काठावर ते अरामकोनं उभारलं. जेद्दाचं भलंमोठं फुटबॉल स्टेडियम २०१४ मध्ये सुरू झालं, तेही अरामकोनं बांधलेलं.

अर्थात अरामकोचं हे निभावलं. सगळ्यांचं निभावत नाही.

इंडोनेशियाची सरकारी तेल कंपनी पेर्तामिना. १९७० च्या दशकात जनरल इब्नू सुतोवो तिचे सर्वेसर्वा होते. कंपनीनं तेलासोबत हॉटेलं चालवली, विमान कंपनी काढली, पोलादाचा कारखाना हातात घेतला, भाताची शेतीही केली. सगळं कर्ज काढून. १९७५ मध्ये हप्ते थकले, आणि उघड झालेला कर्जाचा आकडा दहा अब्ज डॉलरच्या आसपास होता. देशाच्या सरकारला मध्ये पडावं लागलं.

व्हेनेझुएलाचं तर अजून वाईट झालं. तिथली पेडेवेसा ही एकेकाळी जगातल्या चांगल्या तेल कंपन्यांत मोजली जायची. २००२ च्या डिसेंबरमध्ये कंपनीत संप झाला, राष्ट्राध्यक्ष ह्युगो चावेझ यांनी त्यानंतर जवळपास १८ हजार कर्मचारी काढून टाकले. त्यात ज्यांना विहिरींची नाडी कळत होती तेही गेले. उरलेल्या कंपनीला सरकारनं घरं बांधायला लावलं, धान्य आयात करून वाटायला लावलं. २०१० मध्ये बंदरावर कंपनीनं आणलेलं हजारो टन अन्न कंटेनरमध्ये सडलेलं सापडलं. विहिरींच्या देखभालीसाठीचा पैसा असा इकडेतिकडे गेला. रोज तीस लाख बॅरल तेल काढणारा देश २०२० मध्ये पाच लाखांच्याही खाली आला. त्याला अमेरिकेचे निर्बंधही कारणीभूत होते, पण घसरण निर्बंधांच्या कितीतरी आधी सुरू झाली होती.

मग प्रश्न येतो, तेलाच्या पैशातून दुसरे उद्योग काढायचे तर ते इतकं अवघड का आहे? पैसा तर आहे ना?

त्याचं एक कारण अर्थशास्त्रात 'डच डिसीज' नावानं ओळखलं जातं. १९५९ मध्ये नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेनमध्ये प्रचंड गॅस सापडला. गॅस विकून परदेशी पैसा आला, चलन महाग झालं आणि त्यामुळे तिथल्या कारखान्यांचा माल बाहेरच्या देशांना महाग पडायला लागला. गॅस वाढला तसे कारखाने मागे पडले. सौदीत रियाल १९८६ पासून ३.७५ रियाल म्हणजे एक डॉलर असा बांधलेला आहे, त्यामुळे चलन वरखाली होत नाही. पण दुखणं दुसऱ्या वाटेनं येतं. सरकारी नोकरीत चांगला पगार, वेळेवर सुट्टी आणि कामाचा ताण कमी असेल, तर सौदी तरुण खासगी कारखान्यात कशाला जाईल? २०१६ च्या आसपास नोकरी करणाऱ्या सौदी नागरिकांपैकी साधारण दोन तृतीयांश सरकारी नोकरीत होते. खासगी क्षेत्र चालत होतं ते बाहेरून आलेल्या स्वस्त कामगारांवर.

आणि सौदीनं प्रयत्न केले नाहीत असं अजिबात नाही. १९७० मध्ये पहिली पंचवार्षिक योजना आली, तिच्यातच लिहिलं होतं की तेलावरचं अवलंबन कमी करायचं. त्यानंतर प्रत्येक योजनेत हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात येत राहिलं.

यातला गव्हाचा प्रयोग सांगण्यासारखा आहे. सौदीत एकही बारमाही नदी नाही. तरी सरकारनं ठरवलं, गव्हात स्वयंपूर्ण व्हायचं. शेतकऱ्याकडून जागतिक भावाच्या कितीतरी पट दरानं गहू घ्यायला सुरुवात झाली. खोल बोअर मारले, वाळवंटात गोल फिरणारे फवारे लावले. विमानातून बघितलं तर तपकिरी वाळूवर हिरव्या चकत्या दिसायच्या. १९९० च्या सुरुवातीला सौदी अरेबिया चक्क जगातल्या मोठ्या गहू निर्यातदारांमध्ये जाऊन बसला. १९९२ मध्ये उत्पादन ४० लाख टनांच्या आसपास गेलं.

फक्त ते पाणी हजारो वर्षांपूर्वी जमिनीत साठलेलं होतं. पाऊस नाही, त्यामुळे ते परत भरणार नव्हतं. मराठवाड्यात पाचशे, सातशे फूट बोअर मारून ऊस जगवणाऱ्यांना यात नवीन काही वाटणार नाही. २००८ मध्ये सरकारनं हा कार्यक्रम गुंडाळायचं ठरवलं आणि २०१६ पर्यंत खरेदी बंद केली. तेलाचा पैसा खर्च करून सौदीनं पाणी निर्यात केलं, असा त्याचा हिशोब निघतो. तेलावरचं अवलंबन कमी झालं नाहीच, उलट तेलापेक्षा मोलाची गोष्ट संपली.

दुसरा प्रयोग जमला. तेलासोबत निघणारा गॅस आधी नुसता जाळून टाकायचे. अरामकोनं तो गोळा करायची पाइपलाइन व्यवस्था उभी केली आणि १९७६ मध्ये साबिक नावाची सरकारी कंपनी निघाली, जी या गॅसपासून प्लास्टिकचा कच्चा माल आणि खतं बनवते. जुबेल आणि यानबू ही दोन औद्योगिक शहरं त्यातून उभी राहिली. साबिक आज जगातल्या बड्या रसायन कंपन्यांत आहे. पण बघा, जे जमलं तेही तेलाच्या सावलीतलंच होतं.

आता येतो तो २०१४ चा धक्का.

जून २०१४ मध्ये तेल ११५ डॉलरच्या आसपास होतं. जानेवारी २०१६ मध्ये ते तीस डॉलरच्या खाली गेलं. २०१५ या एका वर्षात सौदी सरकारची तूट जवळपास ९८ अब्ज डॉलर झाली, म्हणजे देशाच्या अर्थव्यवस्थेच्या साधारण १५ टक्के. सरकारनं मोठ्या ठेकेदारांची बिलं थकवली. ठेकेदारांनी कामगारांचे पगार थकवले.

जुलै २०१६ मध्ये तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी ट्वीट करून सांगितलं की सौदीत दहा हजारांहून जास्त भारतीय कामगारांवर उपासमारीची वेळ आली आहे. जेद्दाच्या लेबर कॅम्पमधल्या लोकांना महिनोन्‌महिने पगार नव्हता, मेस बंद झाली होती, इकामा संपलेला असल्यामुळे घरीही येता येत नव्हतं. भारतीय दूतावासानं स्थानिक भारतीयांना हाताशी धरून अन्न वाटलं. परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह स्वतः तिकडे गेले. तिकडे तेल पडलं की इकडे आधी मनीऑर्डर थांबते आणि मग माणूस परत येतो, हे आखातातली घरं पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. पण इतक्या मोठ्या संख्येनं एकदम असं क्वचितच झालं होतं.

याच काळात, २५ एप्रिल २०१६ रोजी, तेव्हा तिशीत असलेल्या मोहम्मद बिन सलमान यांनी 'व्हिजन २०३०' जाहीर केलं. एका टीव्ही मुलाखतीत त्यांनी सांगितलं की २०२० पर्यंत आपण तेलाशिवाय जगू शकू. हे काही झालं नाही, पण योजनेनं देश हलवला हे खरं. २०१८ मध्ये ५ टक्के व्हॅट आला, २०२० मध्ये तो थेट १५ टक्के झाला. २०१८ मध्ये बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली, पस्तीसेक वर्षांनी थिएटरं उघडली. २०१९ मध्ये पर्यटकांना व्हिसा मिळायला लागला.

परदेशी कामगारांवरही भार पडला. जुलै २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला १०० रियाल फी लागली आणि ती दरवर्षी वाढत २०२० मध्ये ४०० रियाल झाली. आखातातले आपले लोक याला सरळ 'फॅमिली टॅक्स' म्हणतात. बायको आणि दोन मुलं असतील तर महिन्याला १२०० रियाल नुसते कागदासाठी. कित्येकांनी बायको आणि मुलं गावी पाठवली आणि स्वतः बॅचलर म्हणून खोलीत राहायला गेले.

योजनेचं इंजिन होतं पब्लिक इन्व्हेस्टमेंट फंड, म्हणजे पीआयएफ. हा फंड १९७१ पासून होता, पण मोहम्मद बिन सलमान यांनी तो स्वतःच्या हाताखाली घेतला. मग उबरमध्ये साडेतीन अब्ज डॉलर, सॉफ्टबँकच्या फंडात ४५ अब्ज, न्यूकॅसल फुटबॉल क्लब, जिओ, रिलायन्स रिटेल, अशी खरेदी सुरू झाली. देशात वाळवंटात निओम नावाचं ५०० अब्ज डॉलरचं शहर जाहीर झालं. त्यातच 'द लाइन', म्हणजे १७० किलोमीटर लांब, सरळ रेषेतलं शहर.

पण इतका पैसा पीआयएफकडे आला कसा? इथे अरामको परत येते.

अरामकोचे हिशोब कित्येक दशकं कोणाला माहीत नव्हते. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीनं रोखे विकायला काढले तेव्हा कागद उघड करावे लागले आणि जगानं तोंडात बोट घातलं. २०१८ चा नफा १११ अब्ज डॉलर. त्या वर्षी ॲपलचा नफा साधारण ६० अब्ज होता.

या कंपनीकडून सरकारकडे पैसा तीन नळांनी जातो. पहिला रॉयल्टीचा, तेल ७० डॉलरपर्यंत असेल तर १५ टक्के, ७० च्या वरच्या भागावर ४५ आणि १०० च्या वरच्या भागावर ८० टक्के. दुसरा आयकराचा, जो आधी ८५ टक्के होता, तो शेअर विकण्याआधी ५० वर आणला. आणि तिसरा डिव्हिडंडचा, म्हणजे उरलेल्या नफ्यातला मालकाचा वाटा.

व्हिजन २०३० मध्ये ठरलं की या कंपनीचा थोडा हिस्सा विकायचा आणि तो पैसा तेल सोडून बाकीच्या उद्योगांत लावायचा. कल्पना ऐकायला सोपी आहे, सोनं मोडून पोराला दुकान टाकून द्यायचं. मूळ बेत पाच टक्के विकून शंभर अब्ज डॉलर उभे करायचा होता, कंपनीची किंमत दोन ट्रिलियन धरून. प्रत्यक्षात डिसेंबर २०१९ मध्ये दीड टक्का विकला आणि २५.६ अब्ज डॉलर आले. तेव्हाचा तो जगातला सगळ्यात मोठा आयपीओ होता, पण घेणारे मुख्यतः सौदीतलेच होते. त्याआधी तीनच महिने, १४ सप्टेंबरला, अब्कैकच्या प्रक्रिया केंद्रावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचा हल्ला झाला होता आणि देशाचं निम्मं तेल उत्पादन काही दिवसांसाठी बंद पडलं होतं. एका देशाचा जीव किती थोड्या जागेत अडकलाय, हे गुंतवणूकदारांनी लाइव्ह बघितलं होतं.

मग दुसरा रस्ता निघाला. पीआयएफकडे साबिकचे ७० टक्के शेअर होते. ते २०२० मध्ये अरामकोनं ६९ अब्ज डॉलरला विकत घेतले. म्हणजे घरातल्या मोठ्या भावानं कर्ज काढून धाकट्याची जमीन घेतली आणि धाकट्याला रोकड दिली. जमीन घरातच राहिली. त्यानंतर सरकारनं अरामकोचे आपल्याकडचे शेअरच टप्प्याटप्प्यानं पीआयएफ आणि त्याच्या कंपन्यांच्या नावावर केले, आज तो हिस्सा १६ टक्के आहे. तेलाला पर्याय शोधणाऱ्या फंडाचा मोठा आधार आता तेल कंपनीचा डिव्हिडंड आहे.

निकाल बघितले तर चित्र सरळ नाही. सौदी बायकांचा नोकरीतला सहभाग ३० टक्क्यांवर न्यायचं लक्ष्य २०३० च्या खूप आधी पार झालं. सौदी नागरिकांमधली बेरोजगारी ११.६ वरून ७ टक्क्यांवर आली. तेलाशिवायचं सरकारी उत्पन्न २०१६ पासून दुपटीहून जास्त झालं, त्यात व्हॅटचा मोठा हात आहे. पण २०२४ मध्येही सरकारच्या उत्पन्नात तेलाचा वाटा साधारण ६० टक्के होता. आणि अर्थव्यवस्थेतला जो 'तेलाशिवायचा' भाग म्हणून दाखवला जातो, त्यात रियाधमधलं बांधकाम, हॉटेलं, कार्यक्रम हे सगळं येतं. ते चालतं सरकारच्या आणि पीआयएफच्या खर्चावर. तो खर्च येतो तेलावरून. तेल थांबलं तर त्यातलं किती उरेल, याची परीक्षा अजून झालेली नाही.

लोक लगेच नॉर्वेचं उदाहरण देतात. तिथेही सरकारी तेल कंपनी आहे, १९७२ पासून. पण नॉर्वेनं कंपनी, नियम करणारी संस्था आणि पैसा सांभाळणारा फंड या तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. फंड फक्त परदेशात गुंतवतो आणि सरकारला त्यातून वर्षाला साधारण तीन टक्केच काढायचा नियम आहे. सौदीत पीआयएफचे प्रमुख यासिर अल रुमय्यान हेच अरामकोचे अध्यक्ष आहेत आणि २०२१ पासून रिलायन्सच्या संचालक मंडळावरही आहेत. दोघांचीही सूत्रं शेवटी एकाच माणसाकडे जातात. मात्र एक गोष्ट नॉर्वेच्या बाजूनं सांगायची राहून जाते, तेल सापडलं तेव्हा तिथे आधीच मासेमारी, जहाजं, कारखाने, कर भरणारे लोक आणि त्या कराचा हिशोब मागणारी संसद होती. सौदीत तेल आधी आलं आणि बाकीचं सगळं नंतर.

आता महाराष्ट्राचा संबंध. अरामकोनं एप्रिल २०१८ मध्ये रत्नागिरीच्या रिफायनरीसाठी करार केला होता. वर्षाला सहा कोटी टन क्षमता, तीन लाख कोटींचा प्रकल्प, अर्धा वाटा भारतीय सरकारी तेल कंपन्यांचा आणि अर्ध्यात अरामको आणि अबुधाबीची सरकारी कंपनी. नाणारमध्ये आंबा बागायतदार आणि मच्छीमार विरोधात उभे राहिले, २०१९ च्या निवडणुकीआधी भूसंपादन रद्द झालं. पुढे बारसूचं नाव आलं, एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळी तिथे काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. आपल्याकडे या वादात पर्यावरण आणि रोजगार यावर बोललं गेलं, ते बरोबरच होतं. पण अरामकोला कोकणात यायचं का होतं, यावर फारसं बोलणं झालं नाही.

जग हळूहळू इलेक्ट्रिक गाड्यांकडे जाणार, तेव्हा कच्च्या तेलाचं गिऱ्हाईक कमी होणार. पण भारताची मागणी अजून वाढत राहणार. मग त्या देशातल्या रिफायनरीतच भागीदार झालं, तर आपलं तेल पुढची तीस, चाळीस वर्षं घेणारं पक्कं गिऱ्हाईक मिळतं. चीनमध्ये आणि कोरियातही अरामकोनं हेच केलं. ऑगस्ट २०१९ मध्ये रिलायन्सच्या तेल आणि रसायन व्यवसायातला २० टक्के हिस्सा १५ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरलं होतं, तेही त्यातलंच. तो सौदा नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द झाला. कागदावर याला विविधीकरण म्हणतात. प्रत्यक्षात ती कच्चं तेल विकायची दीर्घ मुदतीची सोय असते.

दरम्यान सौदीतला हिशोब आवळत चाललाय. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अंदाजानुसार सौदीचं बजेट तुटीशिवाय जुळायला तेल ९० डॉलरच्या वर हवं. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे ते होतं, अरामकोचा नफा १६१ अब्ज डॉलरवर गेला. २०२४ मध्ये नफा १०६ अब्जांवर आला, तरी डिव्हिडंड दिला १२४ अब्ज. कमाईपेक्षा वाटप जास्त. मार्च २०२५ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की त्या वर्षीचा डिव्हिडंड साधारण ८५ अब्ज असेल.

म्हणजे वर्षभरात जवळपास ४० अब्ज डॉलरची कात्री. २०२४ च्या शेवटी पीआयएफनं निओमसारख्या महाप्रकल्पांची आपल्या वहीतली किंमत १२ टक्क्यांनी कमी केली. 'द लाइन'चं काम छोट्या तुकड्यावर आलं. दुसरीकडे २०३० चा एक्स्पो रियाधला मिळालाय, २०३४ चा फुटबॉल वर्ल्ड कप सौदीत आहे, त्याची स्टेडियमं बांधायची आहेत. ती बांधायला जाणाऱ्यांची भरती आपल्याकडेही होईल. आणि फिफासोबत २०२७ पर्यंतचा मोठा प्रायोजक करार करून जी कंपनी आधीच बसलीय, तिचं नाव अरामको.